संशय दाखवायचा कसा

टीव्हीवर मरायचं कसं, ते मला विचारा. गेली काही वर्षं माझा तोच धंदा झालाय. पनवेलच्या हौशी नाटकांत मी कधीकाळी राणी झाले, वकीलबाई झाले, एकदा तर अख्खा दुसरा अंक एकटीने तोलून नेला. त्याचं फळ काय, तर गुन्ह्यांच्या कार्यक्रमांत मला हमखास खून झालेल्या बाईचं काम मिळतं. कलाकार पुरवणारी एक बाई आहे, ती फोन करून सरळ विचारते, "ताई, उद्या मरायला मोकळ्या आहात का?" आधी आधी हसू यायचं. आता मी नुसतं "कुठे?" म्हणते. चेहरा चाळिशीकडे झुकलेला, रंग सावळा, अंगाने ना जाड ना बारीक. अशी बाई म्हणे लोकांना आपल्या शेजारची वाटते, आणि शेजारची बाई मेली की लोक चॅनेल बदलत नाहीत. हे मला एका दिग्दर्शकाने सांगितलं होतं, तेही कौतुकाने.

इतक्यांदा मेल्यावर एक गोष्ट मात्र पक्की कळली. या कार्यक्रमांत शहरातली बाई उगीच मरत नाही. गावाकडची मरते ती बिचारी असते, तिच्यासाठी मागे बासरीबिसरी वाजते. शहरातली, पर्स लटकवून रिक्षा थांबवणारी, पगार घरी आणणारी बाई मरायच्या आधी काहीतरी करून ठेवते. ती उशिरा घरी येते. लिपस्टिक लावते. नवऱ्याने विचारलं तर मीटिंग होती म्हणते. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ती मोबाईलकडे बघून हसते. बाई मोबाईलकडे बघून हसली की प्रेक्षकाने समजून जायचं, हिचं कुठेतरी आहे. अहो, आम्ही बायका मोबाईलकडे बघून हसतो ते बहिणीने नणंदेची नक्कल करून पाठवली म्हणून, नाहीतर भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी नवऱ्याचा बनियनवरचा फोटो चुकून टाकला म्हणून. पण ते दाखवायला कोण बसलंय!

बरं, आमच्या भागातली बाई पडद्यावर आली तर तिची आणखीच तऱ्हा. अंगभर सोनं, पदर खोचलेला, कमरेवर हात, आणि तोंड उघडलं की भांडण. उरण-पनवेलच्या कुठल्याही गावात जा, पोरी कॉलेजला जातात, बँकेत बसतात, स्कूटीवरून क्लासला पळतात. पडद्यावर त्या एकतर मासळी विकतात, नाहीतर गाण्यात कंबर हलवतात. मला या सगळ्याची चीड यायची. पण काम करून घरी आलं, चहा घेतला की ती चीड खाली बसायची. घरातले हे म्हणायचे, एवढं चिडतेस तर जातेस कशाला? कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आवडतं, हेच खरं. पण मग एकदा जी केस आली ती माझ्या मैत्रिणीचीच निघाली.

ती आणि मी शाळेत एका बाकावरच्या. तिचं मूळ गाव जासईकडचं. वडिलांचं मिठागर होतं, थोडी भातशेती होती. ते सगळं बंदराच्या कामात गेलं, आता तिथे कंटेनरवर कंटेनर चढवलेले असतात. वडील वारल्यावर तिची आई पोरीला घेऊन पनवेलला आली, आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि शिलाई मशीन मांडलं. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणतो. ब्लाऊज, पोरींचे ड्रेस, साडीला फॉल-पिको. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप मावशींना तोंडपाठ आहे. माझंही. "वाढलीस गो," एवढंच म्हणतात आणि शिवण उसवतात.

मैत्रिणीला पुढे नोकरी लागली ती जासईलाच, एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात. कुठला कंटेनर आला, कुठला गेला, ते कॉम्प्युटरवर चढवायचं. ज्या मातीत बापाने मीठ पिकवलं तिथे एसीत बसून पगार घेते, असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. लग्न झालं, ती नवीन पनवेलला राहायला गेली. मूल झालं नाही, तेही अर्थात तिच्याच माथी मारलं गेलं. नवरा आधी चांगला होता असं सगळे म्हणतात. मला तो एक दिवसही चांगला वाटला नाही. त्याची कंपनीतली नोकरी गेली आणि तो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाने काय करावं? हा बायकोची वाट बघत बसायचा, आणि ती आली की तिच्या ओढणीचा वास घ्यायचा. ती मला हे हसत हसत सांगायची. मी म्हणायचे, सोड त्याला, मावशींकडे ये. ती म्हणायची, नोकरी लागली की होईल नीट.

एका सकाळी ती डबा भरत असताना त्याने तिचा गळा दाबला, आणि स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत जाऊन बसला. बायको फोनकडे बघून हसायची, असं त्याने तिथे सांगितलं.

ते हसणं माझं होतं. शूटिंगवरून मी तिला आवाजी निरोप पाठवायचे. आज मला विहिरीत ढकललं, पाणी असलं घाण की मेल्यावरही नाक दाबून पडले होते. आज माझा नवरा झालेला माणूस इतका भित्रा की मीच त्याला म्हटलं, दाब रे बाबा गळा, मला चारची बस पकडायची आहे. दिग्दर्शकांच्या नकला करायचे. ती बसमध्ये ऐकायची, घरी ऐकायची, स्वयंपाक करताना ऐकायची. हे सगळं मी पोलिसांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लिहून घेतलं. पेपरात मात्र आलं ते नेहमीचंच, चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून. तीन ओळींची बातमी आणि लोकांनी त्यातून नेमकं काय उचलायचं ते उचललं. उचलली जीभ लावली टाळ्याला. नवरा काय वेडा होता का, काहीतरी असल्याशिवाय कोणी एवढं करतो का, असं मावशींच्या स्वतःच्या भावकीतले लोक बोलू लागले. तिच्या सासरच्यांनी तर हात झटकले. अग्नी दिला तो मावशींच्या भाच्याने.

मावशी रडल्या, पण मोडल्या नाहीत. त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली होती. पोरीचं वर्षश्राद्ध त्या माहेरी करणार होत्या, आणि साधंसुधं नाही. गावाकडची सगळी भावकी बोलावणार, पंगत बसवणार. लेक मेली की तिचं क्रियाकर्म सासरचे करतात, माहेरी असलं काही करत नाहीत, असं लोकांनी सांगून पाहिलं. मावशींनी ऐकलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. भावकी एकदा तिच्या नावाचं अन्न जेवली, की तिच्यावर बोट ठेवायला कोणाचं तोंड उरत नाही. "जेवलेला मानूस नाव ठेवील का?" असं त्या मला म्हणाल्या. त्या एका पंगतीसाठी त्या वर्षभर मशीन मारत होत्या. करंजाहून सुकट घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी तिथी सांगून ठेवली होती, तू पन ये.

वर्ष भरायला दीड-दोन महिने असताना कलाकारवाल्या बाईचा फोन आला. मरायचंच काम. कुठली केस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुमच्याच साइडची आहे ताई, नवरा संशय घेतो, बायको कंटेनर यार्डात नोकरीला असते, नावंगावं बदललीत. मी तिला नाही नाही ते बोलले. ती बिचारी एवढंच म्हणाली, तुम्ही नाही केलंत तर दुसरी करेल, ताई. ते खरंच होतं, म्हणून तर जास्त राग आला.

तशीच मावशींकडे गेले. मला वाटलं होतं, आम्ही दोघी मिळून त्या चॅनेलला शिव्या घालू, जमलं तर एखादा वकील गाठू. मावशींनी मशीनवरचा पाय काढला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तू कर."

मी म्हटलं, "मावशी, काहीतरीच काय?"

"तू केलंस तं ती वाईट नाय दिसनार. दुसरी कोन करंल ती कशी पन करंल. तुला ती ठाव हाय. लोकांना दिसूंदे ना, कशी व्हती ती."

बाईने काय ओळखलं होतं बघा. वर्षभर लोक तिच्या पोरीबद्दल बोलत होते आणि त्यातल्या कोणीही ती कशी होती हे पाहिलं नव्हतं. आता टीव्हीवर सगळे पाहतील, भावकी पाहील, आणि मग पंगतीला येतील ते मान खाली घालून येतील. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगात आलं माझ्या. म्हटलं, हो, करते. अशी करते की बघणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

या कार्यक्रमांची रीत अशी की कपडे ज्याचे त्याने आणायचे. निर्मात्याकडे फक्त पोलिसांचे गणवेश असतात. मला तीन जोड सांगितले होते, ऑफिसातले, साधे. मी मावशींना सहज बोलून गेले, की माझ्याकडे ऑफिसला जाण्याजोगं काही नाही, बघते कोणाचं तरी. मावशी उठल्या आणि कपाटातून तिचे कपडे काढून आणले. तिचं आणि माझं माप एकच. त्यात तो पिवळा कुडता होता, निळ्या बाह्यांचा. मावशींनी शिवायला घेतला तेव्हा पिवळं कापड कमी पडलं म्हणून बाह्या निळ्या लावल्या होत्या. गल्लीने तिला त्यावरून किती छेडलं होतं! बाह्या कोणाच्या उसन्या आणल्यास गं, म्हणून. तिने हट्टाने तोच सगळ्यात जास्त घातला. बसस्टॉपवर लांबून ती ओळखू यायची ती त्या बाह्यांवरून. मावशींनी तो इस्त्री करून माझ्या हातात दिला. दोघींनाही वाटलं, याच्याइतकं बरोबर दुसरं काही नाही. ती खरी दिसायला हवी होती ना!

शूटिंग खारघरच्या बेलपाड्यात होतं, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दिग्दर्शक तरुण होता, नम्र होता. उद्धट असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी त्याला पहिल्या चहालाच सांगितलं, ही माझी मैत्रीण होती. तिचं बाहेर काही नव्हतं. मला या गोष्टीत प्रियकर नको.

तो म्हणाला, "मॅडम, प्रियकर नाहीच आहे. पण संशय दाखवायचा कसा? संशय कॅमेऱ्याला दिसत नाही. नवरा खुर्चीत बसलाय आणि संशय घेतोय, हे मी किती वेळ दाखवणार?"

मग त्याने मला समजावलं. आधी नवऱ्याचा चेहरा घ्यायचा, विचारात पडलेला. मग त्याच्या मनात काय चाललंय ते दाखवायचं. ती खिडकीशी उभी राहून फोनकडे बघून हसते. एक माणूस तिला बाईकवरून सोडतो, ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरते. मग पुन्हा नवऱ्याचा चेहरा. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. घडलेलं नाही. मी हट्ट धरला की चेहरा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हवा. त्याने मान्य केलं. माझ्यासमोर ते चेहरे चित्रित झाले, मी उभी राहून बघितले. आता यात मी आणखी काय करायला हवं होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

खिडकीशी मला हसू येईना. कसं येणार? अंगात तिचा कुडता, हातात फोन. दिग्दर्शक म्हणाला, "मोठं नको मॅडम. जरा खासगी हसा." खासगी हसा म्हणे! मी डोळे मिटले आणि ती कशी हसायची ते आठवलं. तोंडावर उलटा हात धरायची, एक खांदा वर जायचा, आणि आवाज न करता पोट हलायचं. वर्गात बाई फळ्याकडे वळल्या की ती तशी हसायची. मी तसंच हसले. तिचं खरं काहीतरी त्या कार्यक्रमात जावं, एवढंच माझ्या मनात होतं. तो "कट" म्हणाला आणि म्हणाला, वा. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि मरायला बाहेर आले.

मावशींना मी सांगितलं, चांगलं झालंय. त्यांनी भावकीत फोन फिरवले, कुठल्या चॅनेलवर, कधी. जेवणाच्या वेळेला लागणार होतं. गल्लीतल्या बायका मावशींच्या खोलीत जमल्या. मी मुद्दाम त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

सुरुवातीला पाटी आली, पात्रं काल्पनिक आहेत वगैरे. ती कोणी वाचत नाही. मग तो पिवळा कुडता आला. नाव दुसरं होतं, गाव "मुंबईजवळचं एक शहर" होतं, पण निळ्या बाह्या आल्या आणि सगळं काल्पनिक तिथेच संपलं. गल्लीतली जोशीणबाई असेल नाहीतर गावाकडची चुलती, ज्यांनी ज्यांनी तिला बसस्टॉपवर पाहिलं होतं त्यांनी तिलाच पाहिलं. माझा चेहरा कोणाला दिसलाच नसणार. दुसरी नटी असती, दुसरे कपडे असते, तर लोक म्हणाले असते, कोणाची तरी गोष्ट आहे. आम्ही दोघी शहाण्यांनी आमच्या हाताने तिची ओळख पटवून दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मग ती खिडकी आली. नवऱ्याचा चेहरा आधी नव्हता. नंतरही नव्हता. ती हसली, बाईकवरून उतरली, त्या परक्या माणसाच्या खांद्यावर तिचा हात जरा जास्तच वेळ राहिला, आणि सरळ जाहिरात लागली. नवऱ्याच्या डोक्यातलं होतं ते सगळं, पण नवऱ्याचं डोकंच कापून टाकलं होतं. उरलं ते घडलेलं. जाहिरातीनंतर परत तेच हसणं, आता संथ केलेलं, आणि वर एक भारदस्त आवाज विचारत होता, काय दडलं होतं या हसण्यामागे? तिच्या मरणाचा प्रसंग मी जीव ओतून केला होता. तो तिथे कोणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. मी पण पाहिला नाही. माझ्या पाठीला मावशींचे गुडघे टेकलेले होते, ते मागे सरकले.

बायका उठल्या, चपला शोधू लागल्या. एकीने मला जाता जाता सांगितलं की काम छान केलंस हो. काय बोलावं माणसाने!

दिग्दर्शकाला मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. भाग लांबला होता, म्हणाला, वरून कापायला सांगितलं, चेहऱ्यांचे शॉट गेले, गोष्ट तर तरीही समजतेय. गोष्ट समजतेय! मी विचारलं, काय समजतंय? तो म्हणाला, मॅडम, सॉरी. पुढच्या वेळी तुम्हाला वकिलाचा रोल देतो. मी फोन ठेवला. हे म्हणाले, तक्रार करू. केली. उत्तर आलं की पात्रं काल्पनिक आहेत.

भावकीतून मावशींना फोन येऊ लागले. त्या तिथीला नेमकं कोणाचं लग्न निघालं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मला वाटलं, मावशी चिडतील, मी आहे ना त्यांच्याबरोबर, भावकी गेली चुलीत, गल्लीतल्या पोरीबाळी जेवायला बसवू. हेच सांगायला मी गेले.

मावशींनी मला बसायला सांगितलं. मशीन बंद होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "मना खरं सांग. कोन व्हता त्यो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, मावशी, कोणी नव्हता. तो सगळा त्याच्या डोक्यातला खेळ होता, तो चेहरा त्यांनी कापला. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं, आधी चेहरा, मग खिडकी, मग परत चेहरा. हाताने हवेत चौकटी काढून दाखवल्या. डॉक्टर काहीतरी अवघड सांगत असावा तसं त्यांनी ऐकलं. मान हलवली. मग म्हणाल्या, "एवरी शिकलेली मानसं. त्यांना कायतरी ठाव असंल. त्याबिगर का दाखवतील?"

"त्यांना काही ठाऊक नाही, मावशी. मला ठाऊक आहे."

"तू हासलीस ना खिडकीत, ते तिचंच हासनं व्हतं."

"हो."

"तशी ती माज्यासमोर कंदी नाय हासली."

मी फोन काढला. ते सगळे निरोप अजून माझ्याकडे आहेत, माझे आणि तिची उत्तरं. म्हटलं, मावशी, ती माझ्याबरोबर तशी हसायची, हे ऐका. एक लावलाही. त्यात मी एका फौजदाराची नक्कल करतेय. मग तिचं उत्तर लावलं, त्यात ती हसता हसता खोकायला लागते आणि म्हणते, बस कर, लोक बघतायत. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. फोन माझ्या हातात परत ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायच्या तसा.

"तू मैत्रीन तिची," त्या म्हणाल्या. "तुला झाकायलाच पायजे."

पुढे मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. ओरडले, शपथा घातल्या, माझ्या पोरांची शपथ घातली. त्या माझी समजूत काढत होत्या! मला पाणी दिलं. भटजींना नको म्हणून कळवलंय, म्हणाल्या, आता कुठल्या तोंडाने लोकांना जेवायला बोलवायचं.

त्या नवऱ्याने तिचा जीव घेतला, पण तेव्हाही तिची आई तिची होती. वर्षभर अख्ख्या जगाशी भांडत होती. ती आई तिच्यापासून आम्ही तोडली, एका जेवणाच्या वेळेत. आम्ही म्हणजे कोण, हे मी स्वतःला विचारते, आणि दरवेळी माझं बोट त्या तरुण दिग्दर्शकाकडे, त्या वरून सांगणाऱ्या न दिसणाऱ्या माणसाकडे, शेवटी त्या खिडकीकडे जातं. मी आता ती कामं घेत नाही. त्याने कोणाचं काही अडलेलं नाही. माझ्याजागी दुसरी शेजारची बाई मरते.

तिथीच्या दिवशी मी सकाळीच मावशींकडे गेले. म्हटलं, काही नाही तर एक पान तरी वाढतील, कावळ्याला ठेवतील, मी सोबत उभी राहीन. दार उघडं होतं. मावशी मशीनवर वाकून कोणाच्या तरी लग्नाच्या साडीला फॉल लावत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. स्वयंपाकाचा वास नव्हता. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि वर बघितलं.

"आज कशी काय आलीस गो?" त्यांनी विचारलं. "कायी शिवाचं हाय का?"